डावा हात

फॉर्म अकरा पानांचा.
दामोदर नाखवा ओटीवर जाळं शिवत बसलेले,
मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत,
गणवेशातच, शाळेतून थेट दिवाळे गावात आलेली.
डेन्मार्क. जुलै. बारा दिवस.
चाळीस देशांतल्या गाईड मुली, एक बेट, तंबू.

प्रश्न सहावा : मुलीला पोहता येतं का?
नाखव्यांनी बंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आत हेमांगीची आई इतकी हसली
की तव्यावरचा बोंबील करपला.
मी लिहिलं, होय.

प्रश्न नववा : कोणत्या पदार्थाचा त्रास होतो का?
"लिवा, दुधी भोपला."
मी लिहिलं, नाही.

प्रश्न चौदावा : घराबाहेर आजवर किती रात्री?
यावर कोणी हसलं नाही.
दोन, मी म्हटलं, पनवेलच्या शिबिरातल्या.
जाळ्याची सुई एका घरात अडकून राहिली.

तेवीस वर्षं मी गळ्यात शिट्टी घालून शिकवते आहे :
उजवं टोक डाव्यावर, डावं उजव्यावर, झाली रीफ नॉट.
हेमांगी पाचवीत आली, माझी गाठ पाहिली
आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही पाण्यात सुटंल."
खरंच सुटली. बादलीत.

एक्याण्णव साली माझंही नाव निघालं होतं,
स्वित्झर्लंड, डोंगरातलं घर, दहा दिवस.
वडील म्हणाले, लग्नानंतर जा.
लग्नानंतर कोणी विचारलं नाही,
मीसुद्धा.

पैशासाठी खरी कमाई लावली, सहा रविवार,
बेलापूरच्या फुटपाथवर, स्कार्फ घालून, सुकटीची चटणी.
एका सोसायटीचे सेक्रेटरी वासाची तक्रार घेऊन आले,
जाताना दोन पाकिटं घेऊन गेले.
तिकिटाचे अर्धेसुद्धा झाले नाहीत.
उरलेले कुठून आले ते नाखव्यांनी सांगितलं नाही,
फक्त होडीचं नवं इंजिन त्या वर्षी आलं नाही.

व्हिसाच्या काचेपलीकडचा मुलगा म्हणाला,
उजवी चार बोटं ठेवा.
यंत्राने नकार दिला.
पुसून ठेवा. नकार.
पुन्हा. नकार.
कोळंबी सोलून सोलून झिजलेल्या बोटांवर
एकही रेघ त्याला सापडत नव्हती.
आता डावी ठेवा.
डावी एका झटक्यात उमटली,
पाची बोटं, अंगठ्यासकट, ओहोटीनंतरच्या चिखलासारखी स्पष्ट.
हेमांगीने माझ्याकडे वळून पाहिलं.
घरी यावरूनच भांडण झालं होतं :
गाईड लोक डाव्या हाताने हात मिळवतात म्हणजे काय?
पाहुण्याला कोणी डावा हात देतं?
मी पुस्तकातलं उत्तर दिलं होतं, हृदयाची बाजू वगैरे.
आईला पटलं नव्हतं.
मलाही कधी पुरतं पटलं नव्हतं, त्या दिवसापर्यंत.
उजवी सातव्या खेपेला उमटली.

तिकडून तीन फोटो आले.
एकात ती दोरीला लोंबकळते आहे.
एकात चिखल, पंधरा पाय, तिचे कोणते कळत नाही.
तिसऱ्यात गळ्यात परका हिरवा स्कार्फ,
आपला देऊन टाकलेला.
मी रागवायचं ठरवलं आणि मजकूर तीनदा खोडला.

परत आल्यावर शाळेत सत्कार ठेवला.
मुख्याध्यापक युरोपवर वीस मिनिटं बोलले.
हेमांगी एकच वाक्य बोलली :
"तिथल्या समुद्राला वासच नाही."
सगळे हसले. तिने हसवायला सांगितलं नव्हतं.

तिला आणायला नाखवा आले नव्हते, भरती साधायची होती.
ती स्वतःच बंदरावर गेली, सॅक पाठीवर,
मी चार पावलं मागे.
ते होडीतून उतरत होते, दोन्ही हातांत पाटी.
तिने हात पुढे केला. डावा.
नाखव्यांनी तो पाहिला,
इकडेतिकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते,
आणि पाटी खाली ठेवली.